न कुरकुरणारं दार

त्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जवळजवळ एकच चित्र असायचं. रात्रीची वेळ. मागे कड्याच्या टोकावर एक अवाढव्य जुनं घर, त्याचे मनोरे, धुराडी, वाऱ्याने वाकलेली झाडं. पुढे पांढऱ्या पायघोळ झग्यातली एक तरुणी घरापासून दूर पळते आहे, केस सुटलेले, मान वळवून मागे बघत. आणि घराच्या वरच्या मजल्यावर, फक्त एका खिडकीत, पिवळा दिवा.

पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मला त्या मुलीपेक्षा दिव्याचंच कुतूहल जास्त वाटलं. सगळं घर अंधारात आहे, ही तर जीव मुठीत धरून पळते आहे, मग वर जागं कोण आहे?

हे चित्र रुजलं ते अमेरिकेत, १९६०च्या दशकात. स्वस्त पेपरबॅक पुस्तकांचा तो काळ. 'गॉथिक रोमान्स' हा शिक्का असलेल्या कादंबऱ्या बायका अधाशासारख्या वाचत, आणि प्रकाशकांनी ओळखलं होतं की घर, मुलगी आणि दिवा एवढं दिसलं की वाचकाचा हात आपोआप पुस्तकाकडे जातो. ही चित्रं काढणाऱ्यांत जॉर्ज झील नावाचा एक चित्रकार होता. मूळचा पोलंडचा, येझी झेलेझिन्स्की. नाझींच्या छळछावण्यांतून तो जिवंत बाहेर आला, आणि तिथे पाहिलेल्याची त्याची रेखाचित्रं १९४६ साली पुस्तकरूपाने छापली गेली. पुढे अमेरिकेत त्याने वर्षानुवर्षं ही मुखपृष्ठं रंगवली. हे वाचल्यापासून त्याच्या चित्रांतलं काळंजांभळं आभाळ मला नुसतं सजावटीचं वाटत नाही. पळणाऱ्या माणसाची मान कशी वळते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

गोष्ट साधारण ठरलेली. एक मुलगी, बहुधा आईबाप नसलेली, हाताशी पैसा नसलेली. ती एका दूरच्या मोठ्या घरात येते. कधी मुलांना शिकवणारी गव्हर्नेस म्हणून, कधी एखाद्या म्हाताऱ्या बाईची सोबतीण म्हणून, कधी नवी नवरी म्हणून. घराचा मालक अबोल, तिरसट आणि देखणा. त्याची पहिली बायको गेलेली, पण कशी गेली ते कोणी सांगत नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक हाउसकीपर. घराचा एक भाग बंद. आणि रात्री वरून येणारे आवाज. सकाळी मुलगी विचारते, काल रात्री वर कोणी होतं का? उत्तर येतं, "छे, वारा असेल."

या एका वाक्यावर हा सगळा साहित्यप्रकार उभा आहे असं मला वाटतं. भूत, तळघर, वीज, वादळ हे सगळं नंतरचं. मुळात एक बाई आहे जिला काहीतरी जाणवलंय, आणि घरातली सगळी माणसं तिला शांतपणे, कधी प्रेमानेसुद्धा, सांगताहेत की तुला जाणवलंय ते नाहीच आहे. मग उरतं फक्त घर. घर मात्र खोटं बोलत नाही. जिन्याच्या पायरीवर मेणाचा थेंब असतो, कुलूपबंद खोलीच्या दारापुढची धूळ पुसलेली असते, चार खिडक्या आतून मोजल्या तर तीनच भरतात. मुखपृष्ठावर ती घरापासून पळताना दाखवतात, पण पानापानांत ती घराला प्रश्न विचारत असते आणि घर तिला उत्तरं देत असतं.

या प्रकाराची सुरुवातही एका घरातच झाली. लंडनजवळ ट्विकनहॅमला होरेस वॉलपोल या उमरावाने आपल्या साध्या घराला हळूहळू मध्ययुगीन किल्ल्याचं रूप दिलं होतं, त्याचं नाव स्ट्रॉबेरी हिल. १७६४च्या जून महिन्यात त्याला स्वप्न पडलं की आपण एका पुरातन किल्ल्यात आहोत आणि भल्यामोठ्या जिन्याच्या सर्वांत वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक राक्षसी हात टेकलेला आहे. त्याच संध्याकाळी तो लिहायला बसला आणि दोन महिन्यांच्या आत कादंबरी पूर्ण झाली. त्याच डिसेंबरात ती छापली, तीही एका जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर आहे असं भासवून. 'द कासल ऑफ ऑट्रँटो'. दुसऱ्या आवृत्तीवर, १७६५ साली, त्याने 'अ गॉथिक स्टोरी' असं लिहिलं आणि प्रकाराला नाव मिळालं. आज ती वाचायला जड जाते. पण तिच्यात एक मुलगी आहे, इझाबेला. तिचा होणारा नवरा मरतो आणि त्याचा बापच तिच्याशी लग्न करायला निघतो. ती किल्ल्याच्या तळघरातल्या अंधाऱ्या वाटांतून हातात दिवा धरून पळते. मुखपृष्ठावरची मुलगी तेव्हापासून पळतेच आहे.

त्याच १७६५ साली इंग्लंडमध्ये दुसरं एक पुस्तक छापलं गेलं, ज्याचा या कादंबऱ्यांशी संबंध आहे हे मला फार उशिरा उमगलं. विल्यम ब्लॅकस्टन यांच्या इंग्लिश कायद्यावरच्या भाष्याचा तो पहिला खंड. त्यात स्पष्ट लिहिलंय की लग्नानंतर नवरा आणि बायको कायद्याने एकच व्यक्ती होतात, आणि लग्न टिकून असेपर्यंत बाईचं स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व स्थगित असतं. तिची रोकड, दागिने, पुढे कमावलेले पैसे, सगळं नवऱ्याचं. १८७०च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली, १८८२च्या कायद्याने मालमत्ता तिची झाली. मधली शंभरहून जास्त वर्षं म्हणजेच या कादंबऱ्यांचा भरबहराचा काळ. एखादी बाई घरात राहते, पण घरातली एकही वस्तू तिची नाही आणि दाराची किल्ली तिच्याकडे नाही, यात कल्पनेचा भाग कितीसा?

ॲन रॅडक्लिफ या कादंबरीकर्तीला हे नेमकं ठाऊक होतं. 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' १७९४ साली आली. प्रकाशकाने तिला ५०० पौंड दिले, आणि पुढच्या 'द इटालियन'साठी ८००. इटलीतले डोंगर आणि किल्ले तिने रंगवले ते इटलीला न जाता. 'उडोल्फो'त एमिली नावाची नायिका एका खोलीत काळा पडदा दूर करते, मागे काहीतरी बघते आणि बेशुद्ध पडते. काय बघितलं ते रॅडक्लिफ सांगत नाही. शेकडो पानं सांगत नाही. शेवटाजवळ कळतं की तो मेणाचा पुतळा होता, किड्यांनी खाल्लेल्या प्रेताचा. अनेक वाचकांचा तिथे हिरमोड होतो, माझाही झाला होता. दुसऱ्या वाचनात माझं लक्ष पडद्यावरून उडालं आणि टेबलावरच्या कागदाकडे गेलं. मोंतोनी हा त्या किल्ल्याचा मालक एमिलीच्या आत्याशी लग्न करतो आणि तिने आपल्या जमिनी लिहून द्याव्यात म्हणून तिला मनोऱ्यात कोंडतो. ती सही करत नाही आणि मरते. मग तोच कागद एमिलीपुढे येतो. पडद्यामागचा पुतळा खोटा निघाला, सहीचा कागद खराच होता.

याच रॅडक्लिफचं एक म्हणणं तिच्या मृत्यूनंतर, १८२६ साली छापलं गेलं. भीती दोन जातींची असते, असं ती म्हणते. एक मनाला विस्तारते, सगळ्या शक्ती जाग्या करते. दुसरी मनाला आक्रसून टाकते, गोठवते. तिला पहिली हवी होती. मराठीत आपल्याकडे त्या पहिल्या भीतीसाठी एक नितांत सुंदर शब्द आहे, चाहूल. चाहूल लागली की माणूस गोठत नाही, कान टवकारतो. अंग जागं होतं. या कादंबऱ्यांतल्या मुली सतत कान टवकारून असतात.

आणि मग शार्लट ब्राँटेची 'जेन आयर'. १८४७. या पुस्तकाबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमत नाही.

रॉचेस्टर नावाच्या मालकाच्या थॉर्नफील्ड या घरात जेन गव्हर्नेस म्हणून येते ती वर्षाला ३० पौंड पगारावर. पहिल्याच दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद बोळात, दोन्ही बाजूंना बंद काळ्या दारांच्या रांगा असलेल्या, तिला एक हसू ऐकू येतं. घर सांभाळणाऱ्या मिसेस फेअरफॅक्स सांगतात, ती शिवणकाम करणारी ग्रेस पूल. मग एका रात्री रॉचेस्टरच्या पलंगाला आग लागते. ग्रेस पूल. मग पाहुणा म्हणून आलेल्या मेसनला कोणीतरी चावतं. पुन्हा तेच. आणि जेन-रॉचेस्टरच्या लग्नाच्या दोन रात्री आधी एक उंच, धिप्पाड बाई जेनच्या खोलीत येते, तिचा लग्नातला पातळ पडदा डोक्यावर घेऊन आरशात बघते, मग तो टराटरा फाडून पायांखाली तुडवते. जेन हे सगळं रॉचेस्टरला सांगते. तो म्हणतो, फार ताणलेल्या मेंदूचा खेळ आहे हा. तेव्हा जेन सांगते, मलाही सकाळी उठल्यावर उजेडात तसं वाटलं, पण मग जमिनीवर तो पडदा दिसला, वरपासून खालपर्यंत दोन तुकडे झालेला.

या प्रसंगावर मी किती वेळा थांबले असेन. समोर उभा असलेला माणूस तिच्यावर प्रेम करतो. खरोखर करतो. आणि तोच तिला सांगतो आहे की तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. पुरावा हातात आल्यावरही तो नवीन स्पष्टीकरण शोधतो: अर्धं स्वप्न, अर्धं सत्य, ग्रेस पूलच आली असेल. जेन ते मान्य करते, पण तिला समाधान वाटत नाही, आणि शार्लट ब्राँटे ते तसं नोंदवून ठेवते. मान्य करणं आणि पटणं यांतलं हे अंतर मला दुसऱ्या कुठल्याच कादंबरीने इतकं नेमकं दाखवलेलं नाही.

यॉर्कशरमध्ये रिपनजवळ नॉर्टन कॉनयर्स नावाचं एक जुनं घर आहे. शार्लट ब्राँटे १८३९ साली गव्हर्नेस होती तेव्हा तिथे गेली होती, आणि त्या घराच्या माळ्यावर पूर्वी एका वेड्या बाईला ठेवलं होतं ही दंतकथा तिने ऐकली होती असं सांगतात. २००४ साली त्या घरात एक जिना सापडला. भिंतीच्या लाकडी आच्छादनामागे दडलेला, खालच्या मजल्यावरून माळ्याकडे जाणारा. बर्था मेसन म्हणजे रॉचेस्टरने वर कोंडून ठेवलेली त्याची वेडी पहिली बायको; तिच्या खोलीला असा गुप्त रस्ता कादंबरीत आहेच. दीडशेहून जास्त वर्षं लोक ते कादंबरीतलं समजून वाचत राहिले, आणि तो भिंतीत होता.

आता मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं, कारण या पुस्तकांवरचं माझं प्रेम तिथूनच आलं आहे.

आमचं घर जुनं नव्हतं, मोठंही नव्हतं. तीन खोल्या, त्यातल्या कुठल्याच बंद नव्हत्या. आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याचं दार उघडताना कुरकुरायचं. मी जन्मल्यापासून ते कुरकुरत होतं. पहाटे आई कपाट उघडायची आणि त्या आवाजाने मला कळायचं की आता उठायची वेळ होत आली. मी पंधरा वर्षांची असताना, एका सकाळी, आईने कपाट उघडलं आणि आवाज आला नाही.

कोणाला सांगितलं तर काय वाटेल अशी ही गोष्ट. दार वाजलं नाही. बिजागरीला कोणीतरी तेल घातलं, इतकंच. पण माझ्या पोटात खड्डा पडला तो आजही आठवतो. पंधरा वर्षं ज्याच्या कुरकुरण्याचा कोणाला त्रास झाला नाही, ते दार अचानक कोणाला मूक करावंसं वाटलं? कोणाला ते रात्री उघडायचं होतं, आणि कोणाला जाग येऊ द्यायची नव्हती?

त्यानंतर मी ऐकायला लागले. रात्री स्वयंपाकघराच्या दाराखाली उजेडाची पट्टी दिसायची. मी खोलीत शिरले की आईचं आणि आत्याचं बोलणं भलत्याच विषयावर जायचं, इतक्या सफाईने की तो सफाईदारपणाच कानाला खुपायचा. बाबा ऑफिसातून लवकर यायला लागले होते. त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. मी आईला विचारलं, बाबांना बरं नाही का? आई म्हणाली, "काही नाही गं. उगाच काहीतरी मनात आणतेस." हे ती इतक्या मायेने म्हणाली, माझ्या केसांवरून हात फिरवून, की मला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच महिन्यांत मी ती पुस्तकं वाचत होते. इंग्रजी धड येत नव्हतं, निम्मे शब्द अडायचे. पण त्या मुलींना काय होतंय हे मला शब्दन्‌शब्द कळत होतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कड्यावरच्या घरात रात्री जागी राहून कोणीतरी पावलं मोजत होतं, आणि इथे मीही मोजत होते. त्या पुस्तकांनी मला एक गोष्ट दिली जी त्या वर्षी मला दुसऱ्या कोणीच दिली नाही. ज्या मुलीला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, तिचं बरोबर होतं. प्रत्येक पुस्तकात तिचं बरोबर निघायचं.

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'मधल्या कॅथरीनचं चुकतं असं सगळे सांगतात. ती रॅडक्लिफ वाचून भारावलेली, एका जुन्या मठाच्या घरात पाहुणी जाते, काळ्या कपाटातून थरथरत कागदाची गुंडाळी काढते आणि सकाळी बघते तर ते धुण्याचं बिल. घरमालक जनरल टिल्नीने बायकोचा खून केला असावा असा तिला संशय येतो, तोही खोटा ठरतो. म्हणून ही कादंबरी गॉथिकची टिंगल मानली जाते. पण शेवटाकडे तोच जनरल, मुलगी श्रीमंत नाही हे कळताच, तिला भल्या सकाळी घराबाहेर काढतो. ७० मैलांचा प्रवास, एकटी, सोबतीला नोकरसुद्धा नाही. आणि ऑस्टिन शेवटी लिहिते की कॅथरीनला वाटलं, त्याच्यावर खुनाचा संशय घेऊन आपण त्याच्या स्वभावावर फारसा अन्याय केला नव्हता. हे वाक्य मला फार मोठं वाटतं. तिला तपशील कळला नव्हता, माणूस कळला होता. आणखी एक गोष्ट. या कादंबरीचं हस्तलिखित एका प्रकाशकाने १८०३ साली १० पौंडांना विकत घेतलं आणि न छापता ठेवून दिलं. तेवढेच पैसे परत देऊन १८१६ साली ते सोडवून आणावं लागलं. छापलेलं पुस्तक ऑस्टिनला बघायला मिळालं नाही.

यानंतरचं महत्त्वाचं वर्ष म्हणजे १९३८. त्या वर्षाच्या १ जानेवारीला इंग्लंडमध्ये नवा घटस्फोटाचा कायदा लागू झाला आणि जोडीदाराचं बरं न होणारं वेड हे पहिल्यांदाच घटस्फोटाचं कारण ठरलं. म्हणजे रॉचेस्टरला माळ्याखेरीज दुसरा मार्ग मिळायला पुस्तक छापल्यानंतर ९० वर्षं जावी लागली. त्याच वर्षी डॅफ्नी ड्यू मोरिएची 'रिबेका' आली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी पॅट्रिक हॅमिल्टनचं 'गॅस लाइट' हे नाटक रंगमंचावर आलं.

'गॅस लाइट' मला या सगळ्या परंपरेचा अर्क वाटतं. मिस्टर मॅनिंगहॅम रोज संध्याकाळी बाहेर जातो. तो गेल्यावर थोड्या वेळाने त्याच्या बायकोच्या, बेलाच्या, खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो, आणि तो परत यायच्या आधी पुन्हा मोठा होतो. तो दुसऱ्या वाटेने बंद असलेल्या वरच्या मजल्यावर शिरून माणकं शोधत असतो. नळीत गॅस तेवढाच असतो, त्यामुळे वर दिवा लावला की खालचा उतरतो. तो तिला पटवत असतो की तू वेडी होत चालली आहेस, वस्तू तूच हरवतेस. तिच्या बाजूने बोलणारं घरात कोणी नाही. बोलते ती फक्त ज्योत. 'गॅसलायटिंग' हा शब्द आज सगळ्या जगाच्या तोंडी आहे, अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने तो २०२२चा शब्द म्हणून निवडला. तो वापरताना माणसाच्या लबाडीची आठवण निघते. मला मात्र दर वेळी तो दिवाच आठवतो, इमानाने कमीजास्त होणारा.

'रिबेका'मध्ये हे सगळं उलटंपालटं होतं. तिथे घर पहिल्या बायकोच्या, मेलेल्या रिबेकाच्या बाजूचं आहे. निवेदक मुलीला नावसुद्धा नाही. लग्न होऊन नवऱ्याच्या मँडर्ली या घरात आल्यावर फोन वाजतो, पलीकडून 'मिसेस डी विंटर?' अशी विचारणा होते आणि ती सांगते, तुमची काहीतरी चूक होतेय, मिसेस डी विंटर जाऊन वर्षाच्या वर झालं. मग तिच्या लक्षात येतं की मिसेस डी विंटर आता आपणच. ड्यू मोरिएने हे लिहायला घेतलं ते इजिप्तमध्ये, नवऱ्याची पलटण अलेक्झांड्रियाला असताना, घराच्या ओढीने व्याकूळ होऊन. ज्या घरावर तिचा जीव होता ते कॉर्नवॉलमधलं मेनाबिली, वेलींनी गिळलेलं, रिकामं. पुढे १९४३ साली तिने ते भाड्याने घेतलं, दुरुस्त केलं, २६ वर्षं त्यात राहिली. ते तिचं कधीच झालं नाही. १९६९ साली मूळ घराण्याला परत करून तिला बाहेर पडावं लागलं. ज्या बाईने विसाव्या शतकातलं सर्वांत गाजलेलं कादंबरीतलं घर लिहिलं, ती भाडेकरू होती.

या कादंबरीत मी एका जागी अडखळते. नवरा, मॅक्सिम, कबूल करतो की रिबेकाला आपणच मारलं, आणि निवेदक मुलीला पहिली जाणीव होते ती आनंदाची: त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं. सत्य हाती आलं आणि पुढच्याच क्षणी तीही ते लपवणाऱ्यांत सामील झाली. हिचकॉकच्या १९४० च्या चित्रपटात तो खून अपघात करून टाकला, कारण तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांत खुनी सुटू शकत नव्हता. पुस्तक जास्त भयंकर आहे, आणि जास्त खरं. आपल्या माणसाचं सत्य कळल्यावर आपण किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्याच कमरेला लावतो.

या घरांचा शेवट बहुधा आगीत होतो. थॉर्नफील्ड जळतं, मँडर्ली जळतं. आग कोणी लावली याचा विचार जीन ऱ्हीसने केला. ती कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावर जन्मली होती. माळ्यावरची बर्थाही त्याच बाजूच्या बेटांवरून आणलेली. १९६६ साली, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, ऱ्हीसची 'वाइड सरगॅसो सी' आली आणि वरच्या खिडकीतल्या दिव्यामागे एक तोंड दिसलं. तिचं खरं नाव आंत्वानेत. बर्था हे नाव नवऱ्याने लादलेलं. ती कादंबरी वाचली आणि पंधराव्या वर्षीच्या माझ्या प्रश्नाचं एक उत्तर मिळालं: जागं कोण आहे? तिथे पूर्वी आलेली मुलगी जागी आहे. पळणारी आणि दिवा लावणारी, दोघी लग्न करून त्याच घरात आल्या होत्या.

पेपरबॅकची लाट १९७०च्या दशकात ओसरत गेली. तिला मोठा जोर १९६०च्या 'मिस्ट्रेस ऑफ मेलिन'ने दिला होता. लेखिका व्हिक्टोरिया होल्ट, म्हणजे एलिनर हिबर्ट. हे टोपणनाव कोणाचं ते इतकं गुप्त ठेवलं होतं की हे पुस्तक ड्यू मोरिएनेच लिहिलं असावं असं काहींना वाटलं होतं. पुढच्या कितीतरी पुस्तकांत तोच साचा झिजेपर्यंत वापरला गेला, हे मी नाकारत नाही. जोआना रस या लेखिकेने १९७३ साली त्यांच्यावर एक कडक निबंध लिहिला. तिचं म्हणणं असं की चेहरे वाचणं, आवाजातला बदल टिपणं, घरातली हवा ओळखणं हे गृहिणीचं रोजचं काम इथे जिवावरचं साहस बनून येतं. तिने ते टीका म्हणून लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, अखेर कोणीतरी त्या कामाला काम म्हटलं.

बाबा मी सतरा वर्षांची असताना गेले. माझी परीक्षा संपल्यावर मला सांगितलं गेलं होतं, तेव्हा फक्त चार महिने उरले होते. त्या घरात कोणी दुष्ट नव्हतं. सगळे मला वाचवत होते. तरीही ती दोन वर्षं मी एकटीने ऐकत काढली, आणि त्यांच्यासोबत रडायची संधी मला मिळाली नाही, हे दुःख माझ्यात आहे.

गेल्या वर्षी आईबरोबर जुनं सामान आवरत होतो. कपाट अजून तेच आहे, आता पुन्हा कुरकुरतं. बोलता बोलता आई म्हणाली, "तुला आम्ही शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही हो, अभ्यास चालू होता तुझा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी म्हटलं, "मला माहीत होतं आई. पहिल्यापासून. या दाराला तू तेल घातलंस ना, त्या दिवसापासून."

आई हातातली साडी तशीच धरून बघत राहिली.

"मी नव्हतं घातलं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी घातलं होतं. रात्री तेच उठायचे, फाइल काढायचे आणि स्वयंपाकघरात दिवा लावून ते रिपोर्ट वाचत बसायचे. मला जाग येऊ नये म्हणून. मी जागीच असायची. पण त्यांना वाटायचं मी झोपलेय, म्हणून मी डोळे मिटून पडून राहायची."